शेवटच्या एसटीनंतरचा संदर्भ विभाग

(ग्रंथपाल दिनानिमित्त शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील ग्रंथपाल, प्राध्यापक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या डॉ. एस. आर. रंगनाथन स्मृती व्याख्यानाचा मजकूर)



ज्या वर्षी तानसाचे पाणी मुंबईला पोचले, त्याच वर्षी, 1892 साली, तमिळनाडूतल्या शियाळी गावी रंगनाथन जन्मले. तानसा आपल्या शहापूर तालुक्यातले. पुढे मोडकसागर झाले, भातसा झाले. आज मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकटी भातसा उचलते आणि उन्हाळा लागला की शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. धरण उशाला आणि कोरड घशाला, हे इथल्या माणसाला कुणी समजावून सांगावे लागत नाही. माहितीचेही नेमके असेच झाले आहे. या दोन तालुक्यांवर लिहिलेले थोडके नाही. 1882 च्या ठाणे गॅझेटियरचे तेरावा आणि चौदावा हे खंड आहेत, धरणांचे अहवाल आहेत, न्यायालयाचे आदेश आहेत, कातकरी आणि ठाकर समाजांवरचे प्रबंध आहेत. हे सगळे मुंबईत आहे, पुण्यात आहे, शोधगंगेच्या गांधीनगरमधल्या सर्व्हरवर आहे. डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या मुलीला तिच्याच गावाबद्दल दोन पाने लिहायची असतात, तेव्हा तिच्या हाताशी मात्र यातले काहीच नसते.

पत्रिकेत विषय छापला आहे तो 'महाविद्यालयीन ग्रंथालयातील संदर्भसेवा आणि सोशल मीडिया'. माझे म्हणणे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे ऐकताना तुम्हाला वाद घालायला बरे पडेल. आपल्या भागात सोशल मीडिया म्हणजे मुख्यतः व्हॉट्सॲप. आणि व्हॉट्सॲपवर संदर्भसेवा द्यायची, तर ग्रुपवर पीडीएफ टाकत राहणे सोडून एकेका विद्यार्थ्याशी बोलायला बसावे लागेल. विद्यार्थी काउंटरवर जो प्रश्न विचारायला धजत नाही, तो रात्री नऊ वाजता फोनवर टाइप करतो. या माध्यमाची आपल्याला मिळालेली सर्वांत मोठी देणगी ती हीच, आणि आपण ती जवळजवळ वापरतच नाही.

ज्यांच्या स्मरणासाठी आपण जमलो आहोत, ते रंगनाथन मुळात गणिताचे शिक्षक. 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. सुरुवातीला त्यांना तिथे करमेना, इतके की पुन्हा वर्गात शिकवायला जाऊ द्या म्हणून ते जुन्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडे गेले. लंडनला जाऊन ग्रंथालये बघून आल्यावर मात्र माणूस बदलला. वाचनालय गावातल्या साध्या माणसाच्या किती उपयोगी पडू शकते, ते त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिले होते. 1931 मध्ये त्यांचे पाच सिद्धान्त पुस्तकरूपाने आले, आणि त्याच वर्षी त्यांच्याच प्रेरणेने मन्नारगुडीच्या आसपासच्या खेड्यांत बैलगाडीतून पुस्तके फिरू लागली. आपण दर वर्षी त्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि पाच सिद्धान्तांचा तक्ता भिंतीवर लावतो. बैलगाडी मात्र विसरतो. त्यांच्याही आधी, 1910 मध्ये सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बडोद्याला बोलावले, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत लाकडी पेट्यांत भरून पुस्तके गावोगाव जात होती. म्हणजे वाचक येऊ शकत नसेल तर ग्रंथालयाने निघावे, ही कल्पना आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. मोबाइलने ती आणलेली नाही.

रंगनाथन यांच्या लेखी वर्गीकरण, तालिका, मांडणी हा सारा खटाटोप ज्यासाठी, ते काम म्हणजे संदर्भसेवा. ती ते दोन प्रकारची मानत. एक, जागच्या जागी चटकन देता येणारी. दुसरी, शोधत, विचारत, वाचकाबरोबर चार पावले चालत द्यायची. वाचकाचा वेळ वाचवा, हा त्यांचा चौथा सिद्धान्त. आपल्याकडे वाचकाचा वेळ कसा जातो, ते पाहू.

शहापुरात सोनूभाऊ बसवंत महाविद्यालय आहे, मुरबाडजवळ शिवळ्याला शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत येणारी मुले कुठून येतात? शेणव्याकडून, किन्हवलीकडून, धसईकडून, म्हशाकडून. शहापूरला आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्टेशने तरी आहेत. मुरबाडच्या मुलांना एसटी नाही तर वडाप. सकाळची तासिका संपते आणि गाडी लागायची वेळ होते. ही गाडी चुकली तर पुढची कधी, हे प्रत्येकाला तोंडपाठ असते. ग्रंथालय पाचपर्यंत उघडे आहे, असे आपण फलकावर लिहितो, पण ज्याच्यासाठी ते उघडे आहे तो एक वाजता स्टँडवर उभा असतो. संदर्भ विभागातली पुस्तके घरी द्यायची नाहीत हा नियम. तो योग्यच आहे, एकच प्रत असते. पण मग ज्याला बसायला वेळ नाही, त्याच्यासाठी संदर्भ विभाग जवळपास बंदच.

घरी पोचल्यावर कामे असतात. भाताच्या दिवसांत आवणीला आणि कापणीला जावे लागते. अभ्यासाला निवांतपणा मिळतो तो जेवणानंतर, आणि प्रश्नही तेव्हाच पडतो. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि फोन पाड्यावर पोचला. 2020 च्या टाळेबंदीत महाविद्यालये बंद झाली, तेव्हा त्याच फोनवर वर्ग भरले. रेंज मिळावी म्हणून टेकाडावर जाऊन बसणारी मुले आपण सगळ्यांनी पाहिली. त्या काळात बहुतेक प्राध्यापकांचे ग्रुप झाले, ग्रंथालयाचेही झाले. महाविद्यालये उघडली आणि ग्रंथालयाचा ग्रुप हळूहळू सूचनाफलक होऊन बसला. पुस्तके परत करा, दंड भरा, अमुक भरतीची जाहिरात, तमुक परीक्षेच्या नोट्स. सूचना द्यायला हरकत नाही. पण या ग्रुपचे छायाचित्र अहवालात लावून 'सोशल मीडियाद्वारे संदर्भसेवा' असे त्याखाली लिहिले जाते, तिथे मला बोलावेसे वाटते. संदर्भसेवेत प्रश्न लागतो. ज्या ग्रुपवर वर्षभर एकाही विद्यार्थ्याने प्रश्न विचारलेला नाही, तिथे सेवा झालीच नाही.

अमेरिकेत वूस्टरचे ग्रंथपाल सॅम्युअल ग्रीन यांनी 1876 मध्ये एक निबंध वाचला. ग्रंथपालाने वाचकाशी आपुलकीने बोलावे, त्याला मोकळे करावे, हा त्याचा सार. आधुनिक संदर्भसेवेची सुरुवात तिथून धरतात. त्यानंतर 1968 मध्ये रॉबर्ट टेलर यांनी एक फार मोलाची गोष्ट मांडली. वाचकाच्या मनातली गरज काउंटरपर्यंत येताना चार पायऱ्या उतरते. आधी नुसती एक अस्वस्थता असते. मग ती मनात आकार घेते, मग शब्दांत येते. आणि शेवटी, या ग्रंथालयात काय मिळू शकेल याचा अंदाज बांधून वाचक तिला कापून-छाटून आपल्यापुढे ठेवतो. आपल्या कानावर पडतो तो हा छाटलेला प्रश्न. ग्रंथपालाचे कौशल्य उलट चढून जाण्यात आहे.

आपली मुले तर प्रश्न फारच छाटतात. घरातले पहिलेच शिकणारे, आश्रमशाळेतून आलेले. काउंटरवर मागे रांग असते, समोर रजिस्टरात डोके घातलेली व्यक्ती असते. बोली वेगळी, आपण चुकीचे बोललो तर मागचे हसतील ही धास्ती. फोनवर रांग नसते, कुणी बघत नसते. टाइप करता आले नाही तर व्हॉइस मेसेज पाठवता येतो, आपल्या बोलीत, पाहिजे तितका वेळ घेऊन. एक नमुना सांगते. अनेक संभाषणांतून जुळवलेला आहे, कुणा एकीचा नाही.

'मॅडम पाणी विषयावर पुस्तक पाठवा.'

'कशासाठी हवंय? असाइनमेंट की ब्लॅक बुक?'

'प्रोजेक्ट आहे.'

'विषय सरांनी दिला की तू निवडलास?'

'मीच.'

'हाच का निवडलास?'

यावर बराच वेळ काही येत नाही. मग एक व्हॉइस मेसेज येतो. मागे भांड्यांचा आवाज, कुत्रे भुंकतेय. ती सांगते की त्यांच्या पाड्यावरून धरणाचे पाणी दिसते आणि तरी मार्चनंतर टँकर येतो. असे का, ते तिला लिहायचे आहे.

आता प्रश्न कळला. 'पाणी' या शब्दावर पर्यावरणाचे एक पाठ्यपुस्तक इश्यू झाले असते आणि आपली आकडेवारी एकाने वाढली असती. या मुलीला हवे आहे ते निराळेच. तानसा आणि भातसा कधी, कुणासाठी बांधली याचा इतिहास हवा. तालुक्याचा टंचाई कृती आराखडा हवा, तो पंचायत समितीत मिळेल, आणि तिथे काय नावाने मागायचा तेही तिला सांगायला हवे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे अहवाल हवेत, कारण काळ्या कातळात पावसाचे पाणी फार मुरत नाही आणि विहिरी लवकर आटतात, हे तिला पुराव्यानिशी लिहिता आले पाहिजे. शहापूरसाठीच्या भावली पाणीपुरवठा योजनेच्या बातम्या हव्यात. शिवाय तिला जे घरातच मिळेल, तेही सांगायला हवे. आजीला विचार, धरण होण्याआधी पाणी कुठून आणत, तारीख घालून लिहून ठेव.

यातले किती तिला लगेच पाठवायचे, हाही ग्रंथपालाच्या निर्णयाचा भाग. चाळीस पानांची पीडीएफ पाठवली की आपले काम झाले असे वाटते. तिच्या नेट पॅकचा विचार कुणी करायचा? त्यापेक्षा कामाची तीन पाने फोटो काढून पाठवा, खाली ग्रंथाचे नाव, वर्ष, पृष्ठ क्रमांक आणि आपल्या कपाटातला बोधांक लिहा. गॅझेटियर इंग्रजीत आहे आणि ती मराठी माध्यमाची. तेव्हा तो परिच्छेद वाचून त्याचा आशय दोन मिनिटांच्या व्हॉइस मेसेजमध्ये मराठीत सांगा. हे काम यंत्राच्या भाषांतराने भागेल असे कुणी म्हणेल. पण 1882 च्या इंग्रज अधिकाऱ्याने ठाकर आणि कातकरी लोकांबद्दल जे आणि ज्या सुरात लिहिले, ते त्याच समाजातल्या मुलीच्या हाती देताना सोबत चार वाक्ये समजावून सांगणारे माणूस हवेच. हे कुणी लिहिले, कोणत्या नजरेने लिहिले, यातले काय घ्यायचे आणि कशावर शंका घ्यायची, ते सांगणे संदर्भसेवेतच येते. ते सांगितले नाही, तर आपण तिच्या हातात माहितीबरोबर अपमानही देतो.

आता थोडे यंत्राबद्दल, कारण बारीक गोष्टींत मोठे नुकसान होते. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. आपल्या भागातल्या कित्येक मुली याच भीतीने ग्रुपमध्ये येत नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे. ब्रॉडकास्टमध्ये नंबर दिसत नाहीत, पण ज्याने ग्रंथालयाचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच तो मेसेज जातो. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच, ओळखपत्र देताना, समोर उभे राहून नंबर सेव्ह करून घ्यावा. व्हॉट्सॲप बिझनेस 2018 पासून फुकट आहे. त्यात चॅटला लेबल लावता येतात, ठरावीक उत्तरे साठवता येतात, कामाची वेळ संपल्यावर आपोआप निरोप जातो. एन-लिस्टचा पासवर्ड विसरलो, शोधगंगा कशी उघडायची, मराठी विश्वकोशातली नोंद कशी शोधायची, अशा रोजच्या प्रश्नांना साठवलेली उत्तरे बरी. तेवढा वेळ पाण्याच्या प्रश्नाला मिळतो.

फोन कुणाचा, हाही प्रश्न आहे. पुष्कळ घरांत एकच फोन असतो, तो भावाकडे किंवा वडिलांकडे. विद्यार्थिनीचा मेसेज त्यांच्या नजरेखालून जातो. म्हणून अडचणीचा विषय असेल, आरोग्याचा, घरातल्या हिंसेचा, तर उत्तर तपशीलवार लिहून पाठवण्याआधी 'आता बोलू का' एवढे विचारावे. आणि ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांच्यासाठी काउंटर उघडाच राहिला पाहिजे. फोनवर दिलेला वेळ काउंटरवरून कापून घेतला, तर सर्वांत गरीब विद्यार्थ्याचे ग्रंथालय आपणच काढून घेतले असे होईल.

या दोन तालुक्यांत असे प्रश्न येतात जे शहरातल्या संदर्भ विभागात क्वचितच येत असतील. 'सर, व्हॅलिडिटीला आजोबांचा पुरावा लागतो, कुठे मिळेल?' आपण पटकन म्हणतो की हा ग्रंथालयाचा विषय नाही, ऑफिसमध्ये विचारा. माझे मत उलट आहे. कोणता दस्तऐवज कोणत्या कपाटात आहे हे सांगणे याहून ग्रंथपालाचा अधिक जवळचा विषय कोणता? अनुसूचित जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीत 1950 पूर्वीच्या नोंदींना मोठे वजन असते. शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद म्हणजे गाव नमुना 14, तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष, शहापूरचे प्रकल्प कार्यालय, ठाण्याची तपासणी समिती. ही वाट पाच ओळींत लिहून साठवून ठेवता येते. दावा टिकेल की नाही, हे मात्र आपण बोलायचे नाही. तो वकिलाचा आणि समितीचा प्रांत आहे. रेघ कुठे ओढायची ते स्पष्ट ठेवले, तर मदत करायला भीती वाटत नाही.

वनहक्कांचे असेच आहे. कायदा 2006 चा, नियम 2008 चे. त्यातला तेरावा नियम पुराव्यांची यादी देतो, आणि त्या यादीत गॅझेटियर आहे, जनगणना आहे, पैमाशीचे अहवाल आणि नकाशे आहेत, गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही आहे. म्हणजे आपल्या संदर्भ विभागात धूळ खात असलेला खंड कुणाच्या तरी वनजमिनीच्या दाव्यात पुरावा ठरू शकतो. ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा त्या कपाटाकडे पाहण्याची माझी नजर बदलली. आपल्या वर्गातला मुलगा घरी गेल्यावर ग्रामसभेतला एकमेव लिहिता-वाचता माणूस असू शकतो. त्याचा प्रश्न हा कधीकधी अख्ख्या पाड्याचा प्रश्न असतो.

पुढची गोष्ट खऱ्याखोट्याची. जानेवारी आला की भाई कोतवाल यांच्यावरचे फॉरवर्ड फिरू लागतात. सिद्धगडच्या जंगलात 2 जानेवारी 1943 रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. हा मुरबाडचा अभिमानाचा इतिहास आहे, आणि म्हणूनच त्यात चुकीचे सन, चुकीची नावे, मनाने रचलेले संवाद मिसळले जातात तेव्हा ते खपवून घेऊ नयेत. माहुलीचेही तसेच. 1636 मध्ये शहाजीराजे माहुलीच्या वेढ्यात अडकले होते एवढा धागा धरून व्हिडिओत वाटेल ते सांगितले जाते. विद्यार्थी लिंक पाठवतो आणि विचारतो, 'मॅडम, हे खरं आहे का?' या प्रश्नाचे मनापासून स्वागत करावे. उत्तर देताना 'खोटे आहे' एवढ्यावर थांबू नये. कोणता ग्रंथ काय म्हणतो, दुसरा काय म्हणतो, दोघांत कुठे मेळ बसत नाही, ते दाखवावे. ग्रंथपालाच्या प्रत्येक उत्तराखाली आधार लिहिलेला असावा. आधार सापडला नाही तर तसे सांगावे आणि कुठवर शोधले तेही सांगावे. आता व्हॉट्सॲपमध्येच यंत्र-उत्तरे मिळू लागली आहेत. ती अस्खलित मराठीत येतात आणि त्यांत कधीकधी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावेही असतात. ब्लॅक बुकच्या, म्हणजे प्रकल्प अहवालाच्या, शेवटी अशी ग्रंथसूची लागली, तर ती तपासायला ग्रंथालयाशिवाय कोण आहे?

पीडीएफबद्दल एक शब्द, तो टाळून चालणार नाही. टेलिग्रामवर अख्खी पुस्तके फिरतात आणि आपल्यातलेही काही जण ती पुढे ढकलतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे बावन्नावे कलम खासगी अभ्यासासाठी आणि संशोधनासाठी न्याय्य वापराला वाव देते. त्याच्या आधारे एका विद्यार्थ्याला त्याच्या प्रश्नापुरती काही पाने पाठवता येतात. मराठी प्रकाशकाचे चालू पुस्तक पाचशे जणांच्या ग्रुपवर टाकणे त्यात बसत नाही. पाचशे प्रती खपल्या तर ज्याला दुसरी आवृत्ती काढता येते, त्या प्रकाशकाच्या पोटावर आपण ग्रंथपालांनीच पाय द्यावा, हे मला पटत नाही.

हे सगळे करायचे कुणी? महाविद्यालयांत ग्रंथपालाचे पद रिकामे ठेवायचे, लिपिकाकडे किल्ल्या द्यायच्या, आणि मग सेवेत सोशल मीडियाचा वापर दाखवा म्हणून पत्र काढायचे, हे थांबले पाहिजे. संदर्भसेवा शिकलेल्या माणसाचे काम आहे. संस्थाचालक इथे बसले आहेत, म्हणून स्पष्ट बोलते. फोन आणि सिम ग्रंथालयाचे असावे. ग्रंथपाल बाईचा खासगी नंबर हजार मुलांकडे जाणे योग्य नाही, आणि ती बदलून गेली की सगळी संभाषणेही तिच्याबरोबर जातात. संध्याकाळचे दोन तास ठरवावेत, समजा साडेसात ते साडेनऊ, आणि ते कामाच्या तासांत धरावेत. त्या बदल्यात दुपारी तितकी मोकळीक द्यावी. रात्री अकराच्या मेसेजला लगेच उत्तर देण्याची गरज नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नक्की उत्तर येईल, हा शब्द दिला आणि पाळला, तर मुले थांबतात. शब्द पाळला गेला नाही तर दुसऱ्यांदा विचारत नाहीत. मुरबाडच्या मुलांना वाट पाहायची सवय आहे, पण फसवणूक त्यांच्या लक्षात राहते.

एका ग्रंथपालाला हे झेपणार नाही हेही खरे. म्हणून दोन तालुक्यांनी मिळून करावे. 1995 मध्ये मिशिगन विद्यापीठात इंटरनेट पब्लिक लायब्ररी सुरू झाली, तिथे ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी आणि स्वयंसेवक ई-मेलने आलेल्या प्रश्नांना उत्तरे देत. पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेबरोबर 2002 मध्ये क्वेश्चनपॉइंट उभे केले. एका ग्रंथालयाला न सुटलेला प्रश्न दुसऱ्याकडे जाईल, अशी ती सोय. आपल्याला इतके मोठे काही नको. शहापूर, मुरबाड, आणि आपल्या वाटेवरची जुनी सार्वजनिक ग्रंथालये एवढे पुरे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 पासून आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून, विनायक लक्ष्मण भावे यांच्यासारख्यांनी उभे केलेले. त्यांच्याकडे जुनी मराठी नियतकालिके आहेत, आपल्याकडे प्रश्न आहेत. शहापूरच्या विद्यार्थ्याचा प्रश्न ग्रंथपालांच्या छोट्या गटात जावा, विद्यार्थ्याचे नाव न घालता, आणि ज्याच्या कपाटात उत्तर आहे त्याने पान पाठवावे. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे ग्रंथालयही या वर्तुळात यावे यासाठी पत्रव्यवहार करायला काय हरकत आहे?

आणि प्रवाह उलटाही वाहिला पाहिजे. पूर्वी प्रत्येक चांगल्या ग्रंथालयात कात्रणांच्या फायली असत. त्या आपण बंद केल्या. 8 मार्च 2016 रोजी मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारीतल्या त्या आज्यांवर देशोदेशीच्या वृत्तपत्रांनी लिहिले. धसईच्या रोकडविरहित व्यवहारांचे त्याच वर्षाच्या शेवटी केवढे कौतुक झाले, पुढे त्या प्रयोगाचे काय झाले, हा अर्थशास्त्राच्या मुलांसाठी उत्तम विषय आहे. काळू धरणाचे काम 2012 मध्ये उच्च न्यायालयाने थांबवले, त्याआधीच्या आणि नंतरच्या घडामोडी आहेत. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला, तो शहापूर तालुक्यातून जातो. ज्यांच्या जमिनी गेल्या ते आपल्या विद्यार्थ्यांचे काका-मामा आहेत. या सगळ्याची कात्रणे आज विद्यार्थ्यांच्या फोनमध्ये फुटकळ पडली आहेत. एका क्रमांकावर ती पाठवा, आम्ही तारीख, वृत्तपत्र आणि गाव लिहून नीट लावू, असे आवाहन करायला पैसा लागत नाही. ज्या ग्रंथालयाकडे आपल्या तालुक्याची कात्रणे नाहीत, त्याला सगळ्या जगाचे जर्नल उपलब्ध असले तरी इथल्या पहिल्याच प्रश्नाला ते अडखळेल.

शेवटचा मुद्दा नोंदवहीचा. आलेला प्रत्येक प्रश्न लिहून ठेवायचा. विद्यार्थ्याचे नाव आणि नंबर नाही, फक्त प्रश्न जसा आला तसा, बोलल्यावर तो काय निघाला, कुठे शोधले, काय दिले आणि काय मिळाले नाही. व्हॉट्सॲपवरची संभाषणे वर्ष संपल्यावर पुसून टाकावीत, नोंदवही ठेवावी. टर्मच्या शेवटी 'मिळाले नाही' हा रकाना घेऊन ग्रंथपालांनी प्राध्यापकांसोबत बसावे. पुढच्या वर्षीची ग्रंथखरेदी त्या रकान्यावरून व्हावी, विक्रेत्याच्या यादीवरून नको. नव्या शैक्षणिक धोरणाने आता क्षेत्रप्रकल्प आले आहेत, आणि त्यांचे विषय बहुधा शहरातल्या महाविद्यालयांच्या यादीवरून उतरवले जातात. ते या नोंदवहीतून निघू शकतील. ज्या प्रश्नाला कुठेच उत्तर मिळाले नाही, तो प्रश्न पुढच्या तुकडीला प्रकल्प म्हणून द्यावा, आणि तयार झालेल्या ब्लॅक बुकची एक प्रत परिग्रहण क्रमांक घालून संदर्भ विभागात लावावी. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही ठिकाणच्या ग्रंथपालांना माझी विनंती आहे की अशी एकसारखी आखलेली वही या टर्मपासून सुरू करावी. रकाने कसे पाडायचे, त्याचा एक कच्चा नमुना मी सोबत आणला आहे. सभा संपल्यावर दहा मिनिटे थांबलात, तर तो एकत्र बसून पक्का करू.